जोडी सुटी मिळणार नाही

आमच्या दुकानात येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. "हेडफोन एवढे भारीतले घेतले, पण मजा येत नाही हो." मी विचारते, कशाला जोडलेत? तो मोठ्या विश्वासाने खिशातून फोन काढून दाखवतो. मग मला हसू आवरावं लागतं. पैलवानाला चमच्याने दूध पाजायचं आणि वर विचारायचं, हा कुस्ती का खेळत नाही!

मी त्याला स्टुलावर बसवते आणि समजावते. गाणं जिथून निघतं तो सोर्स, त्याला बळ देतो तो ॲम्प, आणि कानात घालतो तो हेडफोन. या तिघांचं पटलं तर गाणं. जड हेडफोनला तगडा ॲम्प लागतो. नाजूक हेडफोनला तोच तगडा ॲम्प लावला, तर गाण्याआधी नुसती खरखर ऐकू येते. आणि सोर्सच भिकार असला तर पुढच्या दोघांनी डोकं आपटलं तरी उपयोग नाही. गिऱ्हाइकं माना डोलावतात, म्हणतात, ताई, तुम्ही किती सोपं करून सांगता. त्यांना काय माहीत, हे पटवणं माझ्याच घरात वर्षभर जमलं नव्हतं.

घरात आम्ही चौघं. माझा थोरला भाऊ, दादा, दुकानाच्या मागच्या खोलीत ॲम्प बनवतो. व्हॉल्व्हचे, जुन्या पद्धतीचे, हात लावला तर चटका बसेल असे. धाकटा भाऊ वरच्या खोलीत हेडफोन बनवतो. त्याला सगळे बारक्या म्हणतात, आणि दारातून येताना तो वाकून येतो. वहिनी, म्हणजे दादाची बायको, हेडफोनच्या कानाच्या गाद्या शिवते. माझ्या वाट्याला दुकान, गिऱ्हाईक आणि या सगळ्यांची तोंडं.

आमचा एक नियम आहे. जोडी सुटी विकायची नाही. दादाचा ॲम्प हवा तर बारक्याचा हेडफोन घ्यावा लागतो, आणि उलट. तशी पाटीच लावली आहे गल्ल्याच्या वर. दुसरा नियम पाटीवर नाही, पण तो जास्त कडक आहे. ॲम्प तयार झाला की तो बारक्याच्या हेडफोनवर ऐकून पास करायचा. हेडफोन तयार झाला की तो दादाच्या ॲम्पवर. एकाचं काम दुसऱ्याच्या यंत्रावर चांगलं वाजलं तरच ते घराबाहेर जाणार. बाहेरच्या कंपनीचं यंत्र आमच्याकडे फक्त दुरुस्तीला येतं, आणि आल्यावर दादा त्याच्याकडे असा बघतो की ते बिचारं आपोआप सुरू व्हावं.

सगळं छान चाललं होतं. मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाने आमची जोडी कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! या हेडफोनमध्ये जादू आहे." झालं. दादाला ते झोंबलं. गिऱ्हाइकासमोरच म्हणाला, "ॲम्प काढा, मग बघा जादू. नुसती कानटोपी उरेल." बारक्या जिन्यात उभा होता. त्याने तिथूनच उत्तर दिलं, "आणि हेडफोन काढले तर तुझ्या ॲम्पची शेगडी होईल. त्यावर पाणी तापवायचं."

गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. ते दोघं काही हसले नाहीत, आणि त्या दिवसापासून एकमेकांशी बोललेही नाहीत.

अबोला म्हणजे कडेकोट, आणि तो वर्षभर टिकला. जेवायला दोघं एकाच टेबलावर, पण "मीठ दे" हेसुद्धा माझ्यामार्फत. "त्याला सांग, नवीन ॲम्प तयार आहे." "त्याला सांग, वर पाठवून दे." त्याला म्हणजे कोणाला, तर हातभर अंतरावर बसलेल्या सख्ख्या भावाला. नवीन नग झाला की मी तो उचलून खालचा वर न्यायचा, वरचा खाली आणायचा. दोघंही ऐकायचे. चेहऱ्यावरची माशी हलू द्यायचे नाहीत. फक्त "ठीक आहे" म्हणायचे आणि पुन्हा आपापल्या दाराआड. वहिनी म्हणायची, "तुमच्या घरात सगळ्यांना कान आहेत गं, तोंड एकालाही नाही." मला तोंड आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण बोलण्याच्या भरात तिने माझा अपमान केला.

गंमत म्हणजे जोड्या उत्तम वाजत होत्या. गिऱ्हाइकं खूश होती. त्यामुळे मीही फार मनावर घेतलं नाही. म्हटलं, रुसलेत, रुसू देत, काम तर चाललंय.

आणि मग बारक्याने बॉम्ब टाकला. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या हेडफोन कंपनीने त्याला बोलावलं होतं. स्वतः बनवलेला एक हेडफोन घेऊन या, आम्ही आमच्या यंत्रावर ऐकू, पसंत पडला तर नोकरी. गुरुवारी जायचं होतं. हे त्याने मला जेवताना सांगितलं, दादा समोर बसलेला असताना, आणि वर म्हणाला, "त्याला सांग."

दादाने पोळी मोडली. "त्याला सांग, शुभेच्छा," म्हणाला आणि उठून गेला. पोळी तशीच ताटात.

स्पष्टच सांगते, बारक्याने जायला मला नको होतं. कारणं मोठी नाहीत. तो वर शिट्टी वाजवत काम करतो आणि ती शिट्टी दुकानात ऐकू येते. माझं कपाट अडकलं की तोच उघडतो. आणि तो गेला की दादा त्या मागच्या खोलीत मुका होऊन बसणार, हे मला दिसत होतं. पण पोरगं शिकलेलं, हातात कला, त्याला "जाऊ नकोस" म्हणायला माझी जीभ रेटेना. मी त्याच्यासाठी हेडफोनचा चांगला खोका शोधायला लागले. दुसरं काय करणार?

मंगळवारी दातांचे डॉक्टर यायचे होते. हे आमचे जुने गिऱ्हाईक. रुग्णाच्या तोंडात मशीन चालवून झालं की ते मधल्या वेळात कानाला हेडफोन लावून बसतात, स्वतःच्याच मशीनचा आवाज डोक्यातून जावा म्हणून. त्यांच्याकडे कंपनीचा एक छोटा ॲम्प आहे. त्याची एक बाजू कुरकुरत होती म्हणून दुरुस्तीला टाकला होता. दादाने नाक मुरडत आतल्या वायरीचा सुटलेला डाग नीट करून दिला होता. देण्याआधी एकदा वाजवून बघावा म्हणून मी तो सुरू केला. हाताशी हेडफोन कुठला? तर बारक्याने कंपनीला न्यायला काढलेला, गल्ल्यावर मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, कोणाला कळणार आहे.

कानाला लावला आणि मला वाटलं, माझ्या डोक्यावर कुणीतरी गोधडी टाकली. गाणारी बाई शेजारच्या घरात, दार लावून गात होती. झांजेचा तर पत्ताच नाही.

मी आधी दादाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. नीट दुरुस्त केलं नाही, दुसरं काय! तेवढ्यात डॉक्टर आले, स्वतःचे हेडफोन घेऊन. त्यांनी ते स्वतःच्या ॲम्पला जोडले आणि त्यांचा चेहरा फुलला. "पहिल्यासारखा झाला हो!" मी त्यांच्याकडून हेडफोन घेऊन ऐकलं. खरंच स्वच्छ. म्हणजे ॲम्प ठणठणीत होता.

मग मी बारक्याचा हेडफोन दादाच्या ॲम्पला लावला, शोकेसमधल्या. बाई समोर येऊन उभी राहिली. झांज, तंबोऱ्याच्या तारा, श्वास, सगळं जागच्या जागी.

आता माझं डोकं चालायला लागलं. डॉक्टरांना म्हटलं, तुमचे हेडफोन जरा आमच्या ॲम्पवर ऐकता का? ते हौसेने बसले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी हेडफोन ओढून काढले. "अहो, हे तर माझंच मशीन माझ्याच दातावर चालल्यासारखं वाटतंय!"

मी त्यांना हात जोडून सांगितलं, तुमचं सगळं सामान दोन दिवस इथेच राहू द्या, थोडी तपासणी राहिली आहे. ते कुरकुरत गेले. दोन दिवस त्यांना स्वतःचं मशीन ऐकावं लागणार होतं.

मी सरळ वहिनीकडे गेले. ती गादीला टाके घालत होती. विचारलं, बारक्या हल्ली हेडफोनमध्ये काही वेगळं घालतो का?

"फेल्ट, ते दाबलेल्या लोकरीचं कापड," ती म्हणाली. "माझ्याकडूनच नेतो. आधी पातळ न्यायचा. मग जाड. आता तर दोन घड्या घालून बसवतो. मी म्हटलंही, अरे, हेडफोन बनवतोस की उशी?"

"का घालतो?"

"ॲम्प बोचतो म्हणाला. वरचे सूर टोचतात."

मी तिथेच जमिनीवर बसले. तिने विचारलं काय झालं, आणि मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. ॲम्प बोचत होता, कारण दादा वर्षभर वरचे सूर चढवत होता. दादा चढवत होता, कारण त्याला हेडफोन मंद लागत होते. हेडफोन मंद होते, कारण बारक्या फेल्ट घालत होता. दर वेळी मी नग वर-खाली न्यायची, दोघं "ठीक आहे" म्हणायचे आणि दार लावून एकमेकाची चूक गुपचूप सुधारत बसायचे. एक शब्द बोलले असते तर पहिल्याच दिवशी मिटलं असतं. पण बोलतील तर ते माझे भाऊ कसले! जोडी म्हणून बेरीज बरोबर येत होती. सुटा मात्र दोघांचाही माल वाया गेला होता.

"म्हणजे," वहिनी सुई थांबवून म्हणाली, "हा तिकडे गेला, त्यांनी त्यांच्या यंत्राला हेडफोन लावला, की..."

"गोधडी."

माझ्या मनात जे आलं ते तिच्याही मनात आलं होतं, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. काही बोलायचंच नाही. मूग गिळून बसायचं. गुरुवारी तो जाईल, ते तोंड वाकडं करतील, शुक्रवारी तो परत. वर पुन्हा शिट्टी. मी काहीच केलेलं नसेल, फक्त गप्प बसलेली असेन. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसण्याचा मोह झाला.

"परत येईल," मी म्हटलं.

"येईल की," वहिनी म्हणाली. "पण कसा येईल? कुणीतरी चार परक्या माणसांत त्याला हसलं, म्हणून येईल. मग जन्मभर वाटत राहील की तुमचा दादा म्हणाला तेच खरं. असा माणूस घरात ठेवून तुला काय करायचंय?"

मला राग आला. ती बरोबर बोलली की मला नेहमीच राग येतो.

दुपारी दुकान बंद करून मी दोघांना बोलावलं. दादाला सांगितलं, दुरुस्तीत खोट निघाली आहे. बारक्याला सांगितलं, खोका आला आहे. दोघं आले, एकमेकांना बघून वळायला लागले, तशी मी दारात उभी राहिले. "बसा," म्हटलं. "नाहीतर संध्याकाळी जेवायला काही मिळणार नाही." हे दोघांनाही लागू पडतं.

दादाच्या कानाला डॉक्टरांचे हेडफोन लावले आणि वायर त्याच्याच ॲम्पमध्ये. बारक्याच्या कानाला त्याचाच हेडफोन आणि वायर डॉक्टरांच्या ॲम्पमध्ये. मग दोन्हीकडे एकच गाणं सोडलं.

ते दोन चेहरे मी विसरणार नाही. दादाने दात आवळले. बारक्याने हेडफोन कानावर दाबला, मग आणखी दाबला, मग काढून त्याच्यात फुंकर मारली.

"हे हेडफोन बिघडलेत," दादा म्हणाला.

"हा ॲम्प मेलाय," बारक्या म्हणाला.

"अदलाबदल करा," मी म्हटलं.

त्यांनी केली. डॉक्टरांचा ॲम्प, डॉक्टरांचे हेडफोन, स्वच्छ. बारक्याचा हेडफोन, दादाचा ॲम्प, सुंदर. दोघं आपल्या कामात पक्के आहेत, आणखी सांगावं लागलं नाही. दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बारक्याने खिशातून छोटा पेचकस काढला, तिथेच हेडफोन उघडला आणि फेल्टची घडी बोटांनी बाहेर ओढली. ती निघतच राहिली.

"एवढं?" दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "त्याला विचार, एवढं फेल्ट कशाला कोंबलं?"

"मी नाही विचारणार. तो समोर बसलाय."

दादाने तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं. "एवढं कशाला कोंबलंस रे?"

"तुझा ॲम्प टोचत होता! कानात सुई घातल्यासारखा!"

"मी चढवला कारण तुझा हेडफोन बसका होता!"

"मग सांगायचं ना!"

"तू सांगायचं ना! जाड घालतोय म्हणून!"

"तू ऐकलं असतंस?"

"वर्षभर दुसरं काय केलं मी?" दादा ओरडला. "रोज तुझाच हेडफोन घालून बसलो होतो की!"

बारक्याने हातातली फेल्टची घडी गल्ल्यावर ठेवली. वहिनी दाराशी येऊन उभी होती. ती डोळे पुसत होती आणि सांगत होती की धागा डोळ्यात गेला.

मग दोघं कामाला लागले. बारक्याने फेल्ट काढलं, पातळ एकच थर ठेवला, डॉक्टरांच्या ॲम्पवर ऐकलं, पुन्हा उघडलं, कडेला छोटं भोक पाडलं, पुन्हा ऐकलं. दादा शेजारी बसून सल्ले देत होता, आणि बारक्या ते ऐकत नव्हता, म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं. बुधवारी संध्याकाळी त्याने हेडफोन मला दिला. मी डॉक्टरांच्या ॲम्पवर लावला, मग माझ्या फोनवर, मग शेजारच्या दुकानदाराच्या लॅपटॉपवर. तिन्हीकडे बाई समोर उभी. मी त्याला म्हटलं, तुला कुणी नाकारणार नाही. तो जाणार हे कळूनही मला त्याचा अभिमान वाटला.

गुरुवारी सकाळी त्याची बॅग दुकानात ठेवलेली होती. हेडफोन खोक्यात घालायला घेतला, तसा दादा मागच्या खोलीतून आला.

"मी ऐकल्याशिवाय बाहेर जायचा नाही," म्हणाला. "घरचा नियम आहे."

"मग डॉक्टरांच्या ॲम्पवर ऐक," बारक्या म्हणाला. त्याला कळलं होतं. दादाचा ॲम्प अजून तसाच होता, वर्षभर चढवलेला. तो उतरवायचा तर सगळं सोडवून परत जोडावं लागणार होतं, आणि दोन दिवस दादाने बारक्याच्या बाजूला बसून काढले होते. जाड फेल्ट काढलेला हेडफोन त्या ॲम्पवर कसा वाजणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"परक्या ॲम्पवर पास केलं तर ते पास नाही," दादा म्हणाला आणि शोकेसमधल्या आपल्या ॲम्पसमोर बसला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबला. मग हेडफोन डोक्यावर चढवला आणि मला मान हलवून खूण केली. मी गाणं सुरू केलं.

तो हललाही नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला. मध्यावर गाणारी बाई वर चढते, तिथे त्याची बोटं गुडघ्यात रुतली, पण चेहरा तसाच. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. बारक्या त्याच्याकडे बघत होता. एकदा पुढे होऊन त्याने वायर उपसायला हात घातला, तशी दादाने त्याच्या मनगटाला धरलं आणि धरूनच ठेवलं.

गाणं संपलं. दादाने हेडफोन काढला, गाद्या रुमालाने पुसल्या, खोक्यात नीट ठेवला.

"बरोबर झालाय," म्हणाला. "आता कुठेही चालेल."

"टोचलं ना?" बारक्याने विचारलं.

"नाही."

बारक्या खाली वाकला आणि त्याने दादाला घट्ट मिठी मारली. एवढा मोठा माणूस, दादा त्याच्यात दिसेनासा झाला. मग बॅग उचलली, दारातून वाकून बाहेर पडला आणि कोपऱ्यावरून वळेपर्यंत मागे बघत राहिला.

दादा मागच्या खोलीत गेला. आतून पेचकसाचा आवाज येईपर्यंत मी गल्ल्यावर बसून होते. मग उठले. बारक्याच्या खोलीत कालच जोडलेला दुसरा नग होता, अगदी तसाच, पातळ फेल्टचा. तो खाली आणला, शोकेसमधल्या ॲम्पला जोडला आणि तेच गाणं लावलं.

मला दोन ओळीही सहन झाल्या नाहीत.

दादाने ते शेवटपर्यंत ऐकलं होतं.